दोनशे सायकली, एकच रस्ता: पंढरपूर सायकल वारीच्या सुरक्षिततेविषयी

भीमाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पालख्या प्रस्थान ठेवण्याच्या आधीच्या शनिवारी आमचा सायकल गट पुण्याहून पंढरपूरला एका दिवसात जाणार आहे. हडपसर, यवत, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, करकंब असा सुमारे २१० किलोमीटरचा मार्ग ठरला आहे. पालख्या निघाल्यानंतर जायचे नाही हे आम्ही आधीच ठरवले, कारण तुकोबांची पालखी लोणी, यवत, वरवंड अशी याच रस्त्याने जाते. पायी चालणाऱ्यांच्या गर्दीतून ताशी पंचवीसच्या वेगाने सायकली काढणे धोक्याचे आहे आणि शोभणारेही नाही.

पूर्वी आम्ही तीस-चाळीस जण असायचो आणि तेवढ्यांत एकमेकांना ओळखून, हाका मारून निभावून जात असे. यंदा दोनशेच्या आसपास नावे आली आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी समूहात कधी सायकल चालवलेली नाही. आतापर्यंतच्या बैठकांत जर्सीचा रंग, पदके, नाश्ता आणि वाटेतील स्वागत यांवर भरपूर बोलणे झाले. रस्त्यावर मात्र ‘सावकाश या, हेल्मेट घाला’ यापलीकडे कोणी बोलले नाही. म्हणून हा धागा.

माझे म्हणणे आधी मांडतो. दोनशे जणांचा एक समूह सुरक्षितपणे चालवता येतो, असे मला वाटत नाही. तो फोडावा लागतो. एका सायकलीची लांबी आणि तिच्यापुढचे अंतर मिळून तीन मीटर धरले, तर एकेरी रांगेतले दोनशे जण सहाशे मीटर रस्ता व्यापतात, आणि एवढ्या लांब रांगेत पुढच्याने दिलेला इशारा शेवटच्यापर्यंत धडपणे पोहोचत नाही. त्याऐवजी दहा-दहा जणांच्या वीस तुकड्या करून दर दोन मिनिटांनी एक तुकडी सोडावी. ताशी वीसच्या वेगाने दोन तुकड्यांत साडेसहाशे मीटरहून अधिक अंतर पडते. पहिली तुकडी पाचला निघाली, तर शेवटची पाच वाजून अडतीस मिनिटांनी निघेल. प्रत्येक तुकडीत पुढे एक आणि शेवटी एक अनुभवी माणूस असेल आणि या दोघांनी दिवसभर आपली जागा सोडायची नाही.

वेगवान तुकड्या आधी सोडाव्यात असे माझे मत आहे. काही जणांचा आग्रह उलटा आहे: हळू चालवणाऱ्यांना आधी सोडले, तर त्यांना ऊन कमी लागेल. हेतू चांगला आहे, पण मग प्रत्येक वेगवान तुकडीला पुढच्या सगळ्या संथ तुकड्या ओलांडाव्या लागतील, आणि महामार्गावर एका समूहाने दुसऱ्या समूहाला ओलांडणे हा या साऱ्या प्रकारातील सर्वांत वाईट क्षण असतो, कारण त्या वेळी चार-पाच सायकली आडव्या होऊन थेट ट्रकच्या मार्गिकेत येतात.

आराखडा अजून कच्चा आहे. त्यातल्या उणिवा दाखवा.

तिसरा गिअर

तुकड्यांच्या कल्पनेला पूर्ण पाठिंबा. तुकडीच्या आत काय घडते, त्याविषयी थोडे लिहितो, कारण बहुतेक अपघात तिथेच होतात आणि त्यांत मोटारीचा संबंधही नसतो.

समूहातील पडण्याचे पहिले कारण म्हणजे पुढच्याच्या मागील चाकाला आपले पुढील चाक घासणे. यात पुढच्याला फारसे काही होत नाही. मागचा मात्र हमखास आडवा होतो आणि त्याच्यावर त्याच्यामागचे दोघे-तिघे. ताशी तीसच्या वेगाने माणूस सेकंदाला आठ मीटरहून अधिक अंतर कापतो. पुढच्याने ब्रेक दाबल्याचे लक्षात येऊन आपली बोटे हलेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. वाऱ्याचा आडोसा मिळावा म्हणून अर्धा मीटर अंतर ठेवून चालवणारे लोक हा हिशेब करत नाहीत. ज्यांची एकमेकांबरोबर वर्षानुवर्षांची सवय आहे, त्यांनी तसे खुशाल चालवावे; नोंदणी करून आलेल्या अनोळखी माणसामागे किमान एका सायकलीइतके अंतर हवेच, आणि चाक पुढच्याच्या चाकाला समांतर जाईल इतके पुढे कधीही न्यायचे नाही.

दुसरी गोष्ट हाकांची. ‘खड्डा’, ‘रम्बलर’ (वेग कमी करण्यासाठी रस्त्यावर ओळीने केलेले छोटे उंचवटे), ‘थांबतोय’, ‘मागून गाडी’ एवढ्या चार हाका पुरतात आणि प्रत्येकाने आपल्यामागच्याला त्या पुन्हा द्यायच्या. बोटाने खड्डा दाखवण्याची पद्धत चांगली आहे, पण पहाटेच्या अंधारात ती दिसत नाही, शिवाय नवख्या माणसाने खड्ड्याच्या तोंडावर हँडलवरचा हात काढणे हाच एक धोका असतो. ज्याला एका हाताने चालवण्याचा सराव नाही त्याने फक्त ओरडावे.

आणि एक हाक कायमची बंद करा: चौकात पुढच्याने ‘क्लिअर’ म्हणणे. त्याच्यासाठी चौक मोकळा असतो. दहावा माणूस तिथे पोहोचेपर्यंत आठ-दहा सेकंद गेलेली असतात आणि तेवढ्यात डावीकडून डंपर आलेला असतो. गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या राईडमध्ये मी नेमके हेच पाहिले. पुढून ‘क्लिअर, क्लिअर’ असा गजर चालू होता आणि मागचे लोक मान वर न करता चौकात शिरत होते. सुदैवाने डंपरचा चालक जागा होता. चौकात प्रत्येकाने स्वतः पाहायचे आणि तुकडी तुटली तर पुढच्यांनी पलीकडे जाऊन वेग कमी करायचा.

एरोबार (कोपरे टेकून पुढे वाकता यावे म्हणून हँडलवर बसवलेल्या नळ्या) लावलेल्या सायकली समूहात घेऊ नयेत, किंवा घेतल्या तरी त्यांवर हात टेकायला मनाई असावी, कारण त्या स्थितीत बोटे ब्रेकपासून लांब असतात. कानात इअरफोन असेल त्याला सुरुवातीच्या रेषेवरूनच परत पाठवा.

लालपरीचा सारथी

मी एसटीत चालक होतो, आता निवृत्त आहे. सायकल चालवत नाही. मुलगा चालवतो म्हणून हा धागा वाचला. स्टिअरिंगमागून तुम्ही कसे दिसता, ते सांगतो.

एकटा सायकलवाला चालकाला त्रासदायक नसतो, दहा जणही नसतात. त्रास होतो तो शेवट न दिसणाऱ्या रांगेचा. समजा, दुभाजक नसलेला रस्ता आहे, तुमची चाळीस जणांची एकेरी रांग ताशी तीसने चालली आहे आणि मी ताशी पन्नासने मागून येतो आहे. रांगेची लांबी सव्वाशे मीटर धरली, तर ती ओलांडायला मला बावीस सेकंद लागतात. तेवढ्यात माझी गाडी तीनशे मीटर पुढे जाते आणि समोरून साठने येणारी गाडी साडेतीनशे मीटर जवळ येते. म्हणजे साडेसहाशे मीटर रस्ता समोर मोकळा दिसला पाहिजे. तेवढा रस्ता कुठे दिसतो? मग चालक अंदाजाने निघतो, समोरून गाडी आली की डावीकडे दाबतो आणि डावीकडे तुम्ही असता. यात चालकाची चूक असतेच, पण त्याला त्या कोंडीत ढकलणारी रांग तुमची असते. म्हणून दहाची तुकडी आणि मध्ये मोठी मोकळी जागा हे भीमाकाठ यांचे म्हणणे मला पटले. मध्ये जागा असेल, तर चालक एक तुकडी ओलांडून आत येतो, दम घेतो आणि मग पुढची ओलांडतो.

दुसरे, बसच्या डाव्या बाजूने कधीही पुढे जाऊ नका. थांब्यावर बस डावीकडे घेतली की पुढच्या डाव्या कोपऱ्यालगतचा सायकलवाला चालकाला आरशात दिसत नाही, आणि नेमके त्याच वेळी दार उघडून प्रवासी उतरतात. बस थांबली तर मागे थांबा. दोन मिनिटांनी पंढरपूर कुठे जात नाही.

तिसरे, ती तुमची सपोर्ट गाडी. सायकलींच्या मागे ताशी वीसने, चारही इंडिकेटर लावून चालणारी मोटार तुम्हाला ढाल वाटते. महामार्गावर ऐंशी-नव्वदने येणाऱ्या चालकाला ती गाडी चालू आहे की बंद पडली आहे, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. तो ऐन वेळी उजवीकडे ओढतो किंवा मागून धडकतो आणि ती ढाल तुमच्याच अंगावर येते.

भीमाकाठ (धागाकर्ता)

सारथी साहेब, तुमच्या प्रतिसादाची प्रत काढून सर्व तुकडीप्रमुखांना देणार आहे. सपोर्ट गाडीविषयी आमच्यात मतभेद होते, ते आता संपावेत. ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईडमध्येही, म्हणजे ब्रेव्हेमध्ये, सायकलस्वाराच्या मागे गाडी चालवायला परवानगी नसते. मदत फक्त नियंत्रण बिंदूवर घेता येते. आम्हीही गाड्या पुढे पाठवू. यवत, कुरकुंभ, भिगवण, इंदापूर आणि टेंभुर्णी येथे त्या रस्त्यापासून पूर्ण बाजूला, पेट्रोल पंपाच्या किंवा हॉटेलच्या आवारात उभ्या राहतील आणि शेवटची तुकडी गेली की पुढच्या जागी जातील.

नीरेकाठची

तुम्ही पालखी महामार्गाचा, म्हणजे दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, फलटण या मार्गाचा विचार का केला नाही? सोलापूर रस्त्यावर वाहनांचा वेग फार असतो. शिवाय आमच्या बाजूची वाट अधिक देखणी आहे, हे मी निःपक्षपातीपणे सांगते.

भीमाकाठ (धागाकर्ता)

ताई, देखणेपणाबद्दल वादच नाही. पण दोनशे जणांना अंधारात दिवे घाटात चढवायचे म्हणजे पहिल्या तासातच तुकड्या विस्कळीत होतात, कारण चढावर प्रत्येकाचा वेग निराळा असतो. सपाट रस्त्यावर नवखा आणि सराईत यांच्या वेगात ताशी पाच किलोमीटरचा फरक पडतो. घाटात नवखा उतरून चालू लागतो आणि वळणावर सायकल हातात धरून उभा राहतो. सोलापूर रस्ता चौपदरी आणि दुभाजकाचा आहे, समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रश्न बराच कमी होतो आणि पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे चालवायला जागा मिळते.

टेल लाईट

पांढऱ्या पट्टीच्या डावीकडच्या त्या जागेवर फार विसंबू नका. मी या रस्त्याने नेहमी जातो. त्या पट्टीवर फुटलेल्या टायरच्या तारा असतात, काच असते, खडी असते, उलट्या दिशेने येणारी दुचाकी असते आणि सर्वांत वाईट म्हणजे पहाटे झोप काढण्यासाठी दिवे न लावता उभा केलेला ट्रक असतो. अशा ट्रकजवळ आल्यावर पहिला सायकलस्वार ऐन वेळी उजवीकडे वळतो, मागच्यांना त्याच्या पाठीआड काही दिसत नसते आणि पूर्ण तुकडी एकदम वेगवान वाहनांच्या मार्गिकेत फेकली जाते. पुढच्या माणसाचे खरे काम इथे आहे. त्याने शंभर मीटर आधी मागे पाहावे, हात पाठीमागे नेऊन उजवीकडे सरकण्याची खूण करावी, हाक द्यावी आणि मागून वाहन येत असेल तर ट्रकच्या अलीकडेच पूर्ण तुकडी थांबवावी. थांबायला कोणाला आवडत नाही. मोमेंटम जातो म्हणतात. जाऊ द्या.

दुसरा प्रश्न उड्डाणपुलांचा आहे. गावाबाहेर पुलावरून जायचे की खालच्या सर्व्हिस रोडने, हे आधी ठरलेले नसेल, तर अर्धी तुकडी वर आणि अर्धी खाली जाते. पुलावर कडेची मोकळी जागा संपते आणि कठडा जवळ येतो. शिवाय पुलाच्या सुरुवातीला डावीकडे गावात उतरणारे वाहन सरळ जाणाऱ्या सायकलींना कापून आत शिरते. सर्व्हिस रोडवर चिखल, कुत्री, न रंगवलेले गतिरोधक आणि कुठूनही निघणाऱ्या दुचाक्या आहेत, पण तिथे सगळेच हळू असतात आणि पडलात तर खरचटण्यावर निभावते. नवख्या तुकड्यांना मी डोळे झाकून सर्व्हिस रोडने पाठवीन. पुलावरून जाणाऱ्यांनी लोखंडी सांधे सरळ रेषेत, हँडल न वळवता आणि ब्रेक न लावता ओलांडावेत. पाऊस असेल तर त्या लोखंडावर आणि रस्त्याच्या रंगवलेल्या पट्ट्यांवर चाक सहज निसटते.

जूनच्या पहिल्या पावसाचे वेगळे सांगतो. वर्षभर साचलेले तेल आणि धूळ त्या पाण्यात वर येते आणि पहिला अर्धा तास डांबर साबणासारखे होते. अशा वेळी अंतर दुप्पट करा आणि पाणी साचलेल्या डबक्यातून चाक नेऊ नका, कारण खाली बोटभर खोली आहे की वीतभर, ते वरून कळत नाही.

मार्गाची पाहणी किती दिवस आधी करणार आहात?

भीमाकाठ (धागाकर्ता)

आठवडाभर आधी मोटारीने आणि आदल्या दिवशी दुपारी दोघेजण दुचाकीवरून. मोठे खड्डे आणि रम्बलर यांभोवती फक्की मारायचा विचार आहे.

टेल लाईट

फक्की एका सरीत वाहून जाईल. ऑईलपेंटही रात्रीच्या रहदारीत पुसट होतो. त्यापेक्षा जी खरोखर घातक सात-आठ ठिकाणे निघतील तिथे शिट्टी आणि पिवळा झेंडा घेतलेला स्वयंसेवक उभा करा, आणि तोही खड्ड्यापाशी नको, खड्ड्याच्या पन्नास मीटर अलीकडे, रस्त्याबाहेर. खड्ड्याशेजारी उभा असलेला माणूस सायकलस्वाराच्या नजरेस पडेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि त्याला चुकवताना आणखी एक अडथळा तयार होतो. दोन्ही टोलनाक्यांवर, पाटसला आणि सरडेवाडीला, डावीकडच्या दुचाकीच्या मार्गिकेतून एकेरी जायचे, हे तुकडीप्रमुखांना नकाशावर दाखवून ठेवा. तिथेही रम्बलर असतात.

अस्थितज्ज्ञ

पडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांविषयी लिहितो, कारण समूहात मदत करणारे पुष्कळ असतात आणि त्यांतूनच घोटाळा होतो.

कोणी पडले की दहाच्या दहा जण रस्त्यात गोळा होतात. तसे होता कामा नये. तुकडीचा शेवटचा माणूस मागे तीस-चाळीस पावले जाऊन येणाऱ्या वाहनांना हात दाखवील, दोघे जखमीजवळ थांबतील आणि बाकीचे सायकलींसह रस्त्याबाहेर पुढे जाऊन उभे राहतील. जखमीला काखेत हात घालून उभे करण्याची घाई करू नये. तो शुद्धीवर आहे का, मान दुखते का, हातपाय हलतात का, हे आधी विचारावे. मान दुखत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर रुग्णवाहिका येईपर्यंत डोके स्थिर धरून ठेवावे आणि हेल्मेट ओढून काढू नये. श्वासाला अडथळा असेल तरच त्याचा विचार करावा. मात्र माणूस वाहत्या मार्गिकेत पडला असेल आणि वाहने थांबवता येत नसतील, तर त्याला सरळ रेषेत बाजूला घेणे हेच पहिले काम.

सायकलवरून पडलेल्यांत गळपट्टीचे हाड मोडणे हे फार नेहमीचे असते. खांद्याचा आकार बदललेला दिसला, तर हात झोळीत बांधा आणि त्याला पुढे चालवू देऊ नका. डोक्याला मार लागलेला माणूस पुष्कळदा ‘मी ठीक आहे’ म्हणत सायकल उचलतो. त्याने तोच प्रश्न दोनदा विचारला, उलटी केली, आपण कुठे आहोत हे त्याला सांगता आले नाही किंवा क्षणभरही शुद्ध हरपली होती, तर त्याची वारी तिथे संपली. त्याला रुग्णालयात न्यायचे आणि पुढचे चोवीस तास एकटे ठेवायचे नाही. हा निर्णय जखमीने घ्यायचा नसतो, तुकडीप्रमुखाने घ्यायचा असतो, आणि हे सुरुवातीलाच सर्वांकडून कबूल करून घ्या.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक प्रत्येकाच्या बिल्ल्यामागे छापा. त्याच जागी रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरच्यांचा क्रमांकही असावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्या नागरिकाला संरक्षण आहे, त्यामुळे वाटेतल्या लोकांनी बिचकू नये. वाहनाची धडक असेल तर २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळतात. पण त्यासाठी अपघातात मोटार वाहनाचा संबंध असावा लागतो. चाकाला चाक घासून पडलेल्याला तिचा उपयोग नाही, म्हणून सहभागींसाठी एका दिवसाचा अपघात विमा घ्यावाच.

नवशिका सायकलस्वार

मी पहिल्यांदाच येतो आहे. दिव्याचे नियम काय आहेत? माझ्याकडे खूप प्रखर लुकलुकणारा लाल दिवा आहे.

तिसरा गिअर

तो तुकडीत असताना लुकलुकता ठेवू नका, स्थिर ठेवा. तासभर डोळ्यांसमोर लाल दिवा लुकलुकत राहिला, तर मागच्याला अंतराचा अंदाज येत नाही. लुकलुकता दिवा फक्त तुकडीच्या शेवटच्या माणसाचा असावा. पुढचा पांढरा दिवा रस्त्याकडे झुकलेला हवा. परावर्तक जाकीट सर्वांना सक्तीचे आहेच. त्याशिवाय घोट्याभोवती परावर्तक पट्टी बांधलीत, तर पेडलबरोबर ती वरखाली होते आणि चालकाला लांबूनच कळते की पुढे सायकल आहे.

क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे, बूट नवे घेतले असतील, तर ते या राईडला घालू नका. सिग्नलला पाय न सुटून जागच्या जागी आडवे होणारे दर वेळी कोणीतरी असते, आणि तो शेजारच्यालाही घेऊन पडतो.

भीमाकाठ (धागाकर्ता)

आतापर्यंतच्या चर्चेवरून आराखड्यात केलेले बदल सांगतो. वेगवान तुकड्या आधी, संथ शेवटी, हे कायम. संथ आठ तुकड्या सर्व्हिस रोडने जातील. चौकात ‘क्लिअर’ बंद. जखमीविषयीचा निर्णय तुकडीप्रमुखाचा. पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि सोलापूर ग्रामीण पोलिसांना तुकड्यांच्या वेळांसह पत्रे दिली जातील. कोणी असे समजू नये की परवानगी मिळाली म्हणजे रस्ता आपल्यासाठी बंद होतो. रहदारी नेहमीसारखीच चालू असेल आणि सिग्नल आपल्यालाही लागू असतील. नोंदणी केलेल्या प्रत्येकाला त्याआधीच्या दोन रविवारी होणाऱ्या सरावांपैकी एकाला यावेच लागेल, न आल्यास पैसे परत.

आता वेळेच्या मर्यादा. भिगवण दुपारी बारा, टेंभुर्णी साडेतीन. त्यानंतर पोहोचणाऱ्याची सायकल टेम्पोत चढवली जाईल. टेंभुर्णीहून उरलेले साधारण पंचेचाळीस किलोमीटर ताशी पंधरानेही तीन तासांत होतात, म्हणजे साडेसहापर्यंत, उजेड असतानाच, शेवटचा माणूस पंढरपुरात असेल.

नीरेकाठची

ही वारी आहे, शर्यत नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला शेवटच्या टप्प्यावर टेम्पोत बसवणे मला क्रूर वाटते. तासभर सवलत द्या.

लालपरीचा सारथी

ताई, दहा तास सायकल चालवलेला माणूस अंधार पडताना कसा चालवतो, ते मी काचेतून पाहिले आहे. तो सरळ रेषेत चालत नाही. त्याला स्वतःला ते कळत नाही. सवलत देऊ नका.

नीरेकाठची

ठीक आहे, साडेतीन मान्य. पण मग टेम्पोत बसण्याची सोय नीट असावी. नुसते सायकलींच्या ढिगावर माणसे चढवली, तर टेम्पोतच कोणाचा तरी पाय मोडेल.

भीमाकाठ (धागाकर्ता)

माणसांसाठी मिनीबस वेगळी ठरवली आहे. टेम्पोत सायकली उभ्या बांधायच्या, मध्ये घोंगडी किंवा जुनी सतरंजी घालायची. ज्यांच्याकडे जाड दोर आणि सतरंज्या असतील, त्यांनी पहिल्या सरावाच्या रविवारी घेऊन याव्यात.